परदेशाने तुमचं प्रत्यार्पण मागितलं तर भारतातल्या कोर्टात कसं लढायचं

प्रत्यार्पण म्हटलं की आपल्याकडे मल्ल्या, नीरव मोदी आणि आर्थर रोडची बॅरेक नंबर १२ एवढंच आठवतं, म्हणजे आपण मागतोय आणि समोरचा देश देत नाहीये. पण उलटंही होतं. अमेरिकेत पाच-सात वर्षं काढून पुण्याला परत आलेला माणूस, तिकडे मागे राहिलेली कंपनीतल्या फ्रॉडची केस, किंवा घटस्फोट चालू असताना मुलाला घेऊन इकडे निघून आलेला बाप, आणि मग एक दिवस दिल्लीहून वॉरंट घेऊन पोलीस दारात. घरचे लोकल वकिलाला फोन करतात, तो बिचारा सेशन कोर्टाची रोजची कामं करणारा, त्याने प्रत्यार्पण कायदा, १९६२ कधी उघडलेलाच नसतो. हा लेख अशा घरच्यांसाठी आणि अशा वकिलांसाठीसुद्धा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. प्रत्यार्पणाचं कोर्ट तुम्ही दोषी की निर्दोष हे ठरवत नाही. ते फक्त बघतं की मागणी कायद्यात बसते का, आणि सकृतदर्शनी केस दिसते का. त्यामुळे "मी काही केलंच नाही" हे सिद्ध करण्यात सगळा पैसा आणि दम घालवणारे लोक हरतात. इथे लढाई कागदांवर, करारावर आणि वेळेवर असते.

नक्की काय आलंय ते आधी बघा

लोक चार वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतात. लुकआउट सर्क्युलर म्हणजे इमिग्रेशनवाल्यांना दिलेली सूचना, एअरपोर्टवर अडवतील एवढंच. इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस ही वेगळी, आणि तिच्या नावाने लोकांची झोप उडते, पण ती म्हणजे अटकेचं वॉरंट नव्हे. हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सांगितलंय, आणि ती केस आपल्या महाराष्ट्रातलीच होती, अमेरिकेतून मुलीला घेऊन आलेल्या बापाची. अटक करायची तर भारतीय कायद्याच्या चौकटीतच करावी लागते, नुसत्या नोटिशीवर उचलता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तात्पुरती अटक, कलम ३४ब. परदेशाने "तातडीचं आहे, आधी पकडा, कागद मागून पाठवतो" असं कळवलं की केंद्र सरकार मॅजिस्ट्रेटला वॉरंट काढायला सांगू शकतं. इथे कॅलेंडर काढून बसा. अटकेपासून ६० दिवसांत रीतसर मागणी आली नाही तर त्या माणसाला सोडावंच लागतं. तारीख लिहून ठेवा, ६१ व्या दिवशी अर्ज तयार पाहिजे, सरकारी वकील आपणहून येऊन सांगणार नाही.

आणि चौथी, खरी मागणी. ही राजनैतिक मार्गाने परराष्ट्र मंत्रालयाकडे येते, तिथे कॉन्सुलर, पासपोर्ट आणि व्हिसा विभाग ती तपासतो, मग कलम ५ खाली केंद्र सरकार एका मॅजिस्ट्रेटला चौकशीचा आदेश देतं. बहुतेक वेळा हे मॅजिस्ट्रेट दिल्लीच्या पटियाला हाउस कोर्टातले असतात. म्हणजे माणूस कोल्हापूरचा असो नाहीतर मडगावचा, तारखा दिल्लीला. खर्चाचा अंदाज घेताना हे धरा.

आणखी एक, माणूस परदेशी नागरिक असेल तर सरकारकडे दुसरा रस्ताही असतो, हद्दपारी. हान्स म्युलरच्या १९५५ च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की प्रत्यार्पण आणि हद्दपारी या स्वतंत्र गोष्टी आहेत आणि कुठली वापरायची ते सरकार ठरवू शकतं. त्यामुळे पासपोर्ट परदेशी असलेल्यांनी (ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, असलेले सुद्धा) व्हिसाची, कार्डाची बाजू वेगळी सांभाळा.

पहिला आठवडा: ट्रान्झिट रिमांड आणि जामीन

अटक पुण्यात झाली तर २४ तासांत जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, तिथून ट्रान्झिट रिमांड (दुसऱ्या शहरातल्या कोर्टापर्यंत कोठडीत न्यायची परवानगी) घेऊन दिल्लीला नेतात. या पहिल्याच हजेरीला वकील पाहिजे. काय मागायचं? वॉरंटची कॉपी, ते कुठल्या कलमाखाली निघालंय (३४ब की ६) याची रेकॉर्डवर नोंद, औषधं, आणि घरच्यांना कळवल्याची नोंद. एवढं झालं तरी खूप. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या कुठल्याही माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही, हे लोकांना माहीतच नसतं.

जामिनाबद्दल खूप गैरसमज आहेत. "प्रत्यार्पणात बेल मिळतच नाही" असं पोलीसही सांगतात आणि काही वकीलही. कलम २५ वाचा. जामिनाच्या तरतुदी अशा लागू होतात की जणू तो गुन्हा भारतातच घडलाय, आणि मॅजिस्ट्रेटला इथे सेशन कोर्टाएवढे अधिकार आहेत. दिल्ली हायकोर्टाने तर अशा प्रकरणात अटकपूर्व जामिनाचा अर्जसुद्धा चालतो असं मान्य केलंय. अडचण एकच, पळून जाण्याची भीती, कारण कागदावर तुम्ही "फरारी गुन्हेगार" आहात, कायद्यातच तो शब्द आहे. त्यामुळे अर्जात भावनिक काही लिहू नका, पळून जाणार नाही हे दाखवणारे पुरावे लावा: पासपोर्ट जमा करायची तयारी, परत आल्यापासूनचा एकच पत्ता, नोकरीचं पत्र, मुलांची शाळा, आयकर रिटर्न. भारतात उघडपणे, स्वतःच्या नावाने राहत होता हे दिसलं की "फरारी" शब्दाची धार जाते. आणि दिल्लीतला जामीनदार लागला तर ऐनवेळी शोधाशोध नको, म्हणून आधीच नातेवाइकांत बघून ठेवा.

कागदांचा गठ्ठा

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण केस इथेच बनते किंवा मोडते.

परदेशातून जो गठ्ठा येतो त्यात साधारणपणे तिथल्या सरकारी वकिलाचं शपथपत्र, तपास अधिकाऱ्याचं शपथपत्र, आरोपपत्र, अटक वॉरंट, तिथल्या कायद्याची कलमं, ओळख पटवणारा फोटो नाहीतर ठसे, आणि वर सील, रिबन, तिथल्या खात्याचं प्रमाणपत्र. पूर्ण गठ्ठा मागून घ्या, सारांशावर समाधान मानू नका. मग एकेक पान असं बघा.

ओळख. आपल्या नावांचा घोळ परदेशात ठरलेला असतो. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली पद्धत, तिकडे मधलं नाव कधी गळतं, कधी तेच आडनाव होतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकन कागदांवर नावाआधी "एफएनयू" (फर्स्ट नेम अननोन, पहिलं नाव माहीत नाही) लागतं. लग्नानंतर बदललेली नावं वेगळीच. वॉरंटवरचं नाव, आरोपपत्रातलं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर जुळतात का ते बघा. नुसत्या स्पेलिंगच्या चुकीवर कोणी सुटत नाही, खोटी आशा नको, पण फोटो दुसऱ्याचा असेल किंवा जन्मतारीखच वेगळी असेल तर हा मुद्दा खरा आहे.

प्रमाणीकरण. कलम १० मध्ये परदेशी कागद पुरावा म्हणून कसे चालतील ते दिलंय: वॉरंटवर तिथल्या न्यायाधीशाची किंवा अधिकाऱ्याची सही, जबाबांच्या प्रती प्रमाणित, आणि वर साक्षीदाराची शपथ किंवा मंत्र्याचं अधिकृत सील. सील नसेल किंवा एखादं शपथपत्र प्रमाणित नसलेली झेरॉक्स असेल तर हरकत लगेच, लेखी घ्या. दुसरी बाजू नंतर दुरुस्त कागद आणू शकते हे खरं, पण तोपर्यंत जामिनाच्या अर्जाला जोर मिळतो.

मजकूर. तपास अधिकाऱ्याच्या शपथपत्रात "माझ्या माहितीनुसार", "एका साक्षीदाराने सांगितलं" अशी किती वाक्यं आहेत ते अधोरेखित करा. तुमच्या माणसाचं नाव नेमकं कुठल्या परिच्छेदात येतं, तिथे त्याने काय केलं असं म्हटलंय, की नुसतं "कटात सामील होता" एवढंच? मात्र इथेही जमिनीवर राहा. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये, अमेरिकेने अंमली पदार्थांच्या केसमध्ये मागितलेल्या एका माणसाच्या प्रकरणात सांगितलं की ही चौकशी म्हणजे खटला नाही, तोंडी साक्षीपुराव्याची गरज नाही, अमेरिकेशी असलेल्या करारात खटल्याला पाठवण्याइतकी "माहिती" पुरेशी आहे. त्यामुळे साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला मिळेल या भरवशावर राहू नका. हा निकाल दुसरी बाजू पहिल्याच तारखेला टेबलावर ठेवते, तुमच्या वकिलाने तो आधीच पाठ केलेला बरा.

कुठल्या मुद्द्यांवर लढता येतं

पहिला मुद्दा करार. भारताचे सुमारे ४८ देशांशी करार आहेत आणि आणखी डझनभर देशांशी व्यवस्था. प्रत्येक करार वेगळा, आणि तो मिळवून ओळ न् ओळ वाचणं याला पर्याय नाही. उदाहरण द्यायचं तर अमेरिकेशी १९९७ मध्ये झालेल्या करारात स्वतःचा नागरिक आहे म्हणून नाही म्हणता येत नाही, पण यूएई, फ्रान्स, जर्मनी यांच्या करारांत स्वतःच्या नागरिकाला न देण्याची सोय आहे. म्हणजे दुबईहून परत आलेल्या भारतीय पासपोर्टवाल्याचा पहिला बचाव हाच, आणि अमेरिकेहून आलेल्याने यात वेळ घालवूच नये.

दुसरा, दुहेरी गुन्हा. ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असलं पाहिजे आणि शिक्षाही ठरावीक मर्यादेच्या वर, अमेरिकेच्या करारात ती एक वर्षाहून जास्त अशी आहे. कोर्ट गुन्ह्याचं नाव बघत नाही, कृत्य बघतं. तिकडे "वायर फ्रॉड" (फोन, इंटरनेटवरून केलेली फसवणूक) म्हणतात आणि आपल्याकडे असं कलमच नाही, हा युक्तिवाद पाच मिनिटांत पडतो, कारण फसवणूक इकडेही गुन्हाच. पण मूल घेऊन आलेल्या आई-बापाच्या केसमध्ये हा मुद्दा खरोखर दमदार आहे. अमेरिकेत तो फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा, आपल्याकडे नैसर्गिक पालकाने स्वतःचं मूल जवळ ठेवणं म्हणजे अपहरण, असं सहसा होत नाही, आणि मुलांच्या परतीबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. इथे मात्र एक बघा, आधीच कुठल्या कोर्टाचा ताब्याचा आदेश मोडून मूल आणलं असेल तर गणित बदलतं.

तिसरा, मुदत. कलम ३१ सांगतं की मागणाऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे खटला मुदतबाह्य झाला असेल तर पाठवता येणार नाही. लक्षात घ्या, मुदत त्यांच्या कायद्याने मोजायची, आपल्या नाही. अमेरिकेत फेडरल गुन्ह्यांना सर्वसाधारण मुदत ५ वर्षं, पण आरोपपत्र वेळेत दाखल झालं असेल तर पुढे कितीही वर्षं गेली तरी फरक पडत नाही, आणि न्यायापासून पळालेल्या माणसाला या मुदतीचा फायदा मिळतही नाही. म्हणून हा मुद्दा मांडायचा तर तिथल्या वकिलाचं शपथपत्र लागतंच.

चौथा, राजकीय गुन्हा. फार थोड्यांच्या कामाचा, दहशतवादाच्या कायद्यांनी अजून आकसलेला, पुढे जाऊ.

पाचवा, इथे चालू असलेली केस. भारतात त्याच माणसावर दुसरा खटला चालू असेल किंवा तो शिक्षा भोगत असेल तर ते संपेपर्यंत पाठवता येत नाही. २०१६ मध्ये मीरा रोडला बोगस कॉल सेंटरवर ठाणे पोलिसांची मोठी धाड पडली होती, अमेरिकन लोकांना कर खात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळायचे. अशा धंद्यात दोन्हीकडे केस उभी राहू शकते आणि मग हा मुद्दा निघतो. यातून सुटका होत नाही, लांबणीवर पडतं इतकंच. आणि त्या भरवशावर परदेशात फिरायला जायचं नाही, अशाच अमेरिकन केसमधला एक आरोपी सिंगापूरला सापडला आणि २०१९ मध्ये तिथूनच अमेरिकेला पाठवला गेला.

सहावा, ज्या गुन्ह्यासाठी नेलं त्याशिवाय दुसरा खटला चालवणार नाही अशी कायद्यात किंवा करारात सोय आहे का. भारताने अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालकडून आणताना फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंग नाही अशी हमी दिली होती, आणि २०२२ मध्ये आपल्याच सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं की ती हमी पाळावी लागेल. हमी लेखी, नेमकी आणि सरकारच्या पातळीवरची असेल तर तिला किंमत आहे. तुम्हीही तशीच मागा.

चौकशीच्या तारखा

कलम ७ खाली मॅजिस्ट्रेट दोन्हीकडचा पुरावा घेतात. तुम्हालाही पुरावा द्यायचा हक्क आहे, विशेषतः गुन्हा राजकीय आहे किंवा प्रत्यार्पणयोग्यच नाही हे दाखवायला. इथे कमी पण धारदार कागद द्या. त्या दिवशी तो माणूस त्या देशातच नव्हता हे पासपोर्टच्या शिक्क्यांवरून दिसत असेल तर ते द्या. पण वीस मित्रांची "हा फार चांगला माणूस आहे" अशी शपथपत्रं देऊ नका.

सकृतदर्शनी केस नसेल तर सुटका. असेल तर मॅजिस्ट्रेट तुरुंगात पाठवून केंद्र सरकारला अहवाल देतात. आणि इथे ते हत्यार येतं ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात: त्या अहवालासोबत आरोपीचं लेखी निवेदन सरकारकडे पाठवणं मॅजिस्ट्रेटला बंधनकारक आहे, आरोपीला द्यायचं असेल तर.

हे निवेदन म्हणजे युक्तिवादाची कॉपी-पेस्ट नव्हे. अंतिम निर्णय सरकारचा असतो आणि कलम २९ प्रमाणे प्रकरण क्षुल्लक आहे, मागणी सद्हेतूने केलेली नाही, राजकीय कारणं आहेत, किंवा पाठवणं अन्यायाचं होईल असं वाटलं तर सरकार सोडून देऊ शकतं. मॅजिस्ट्रेटसमोर जे चालत नाही ते सगळं इथे घाला: आजारपणाचे सरकारी हॉस्पिटलचे रिपोर्ट, इतकी वर्षं तो देश गप्प का बसला, तक्रारदाराशी चालू असलेला पैशाचा नाहीतर घटस्फोटाचा वाद, फाशीची शक्यता असेल तर हमीची मागणी, आणि पर्याय म्हणून कलम ३४अ, म्हणजे पाठवू नका, इथेच खटला चालवा.

सद्हेतूचा मुद्दा चालतो का? परदेशी कोर्टात आपल्याच मुंबईच्या एका केसमध्ये चाललाय. गुलशन कुमार यांच्या १९९७ च्या खुनात भारताने संगीतकार नदीमला लंडनहून मागितलं, खालच्या कोर्टाने हो म्हटलं होतं, पण २००० च्या डिसेंबरमध्ये तिथल्या हायकोर्टाने आरोप सद्हेतूने केलेला नाही म्हणून नकार दिला. तब्येतीचंही तसंच, २०१४ मध्ये गोव्यातल्या बालशोषणाच्या जुन्या प्रकरणात एका ब्रिटिश आरोपीला स्मृतिभ्रंशाच्या कारणावरून लंडनच्या कोर्टाने पाठवलं नाही. हे निकाल इथे बंधनकारक नाहीत, पण भारत सरकारला दुसऱ्या बाजूने हे चटके बसलेत, म्हणून निवेदनात उल्लेख करायला हरकत नाही.

हायकोर्ट

प्रत्यार्पण कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या अहवालावर सरळ अपील नाही. रस्ता रिटचा, म्हणजे हायकोर्टाच्या खास अधिकाराखाली याचिका करण्याचा, घटनेच्या कलम २२६ आणि २२७ खाली, दिल्लीची केस असेल तर दिल्ली हायकोर्टात, आणि मग सुप्रीम कोर्टात विशेष परवानगी. आव्हान दोन वेगळ्या गोष्टींना द्यायचं असतं, मॅजिस्ट्रेटच्या अहवालाला आणि सरकारच्या पाठवण्याच्या निर्णयाला. दुसरा निर्णय कारणं न देता आला असेल, निवेदनाचा साधा उल्लेखही नसेल, तर तिथेच पकडा. जगण्याच्या हक्काचं कलम २१ परदेशी नागरिकालाही लागू आहे.

वेळ इथे फार कमी असतो. तुरुंगात पाठवल्यापासून १५ दिवस संपेपर्यंत सुपूर्द करता येत नाही, म्हणून याचिकेचा मसुदा अहवाल यायच्या आधीच तयार ठेवा आणि पहिल्याच दिवशी स्थगिती मागा. आणि उलट बाजूने, तुरुंगात पाठवल्यापासून दोन महिन्यांत देशाबाहेर नेलं नाही तर कलम २४ खाली हायकोर्टात सुटकेचा अर्ज करता येतो, सरकारला आधी वाजवी नोटीस देऊन. तुमच्याच याचिकेवरच्या स्थगितीमुळे उशीर झाला असेल तर मात्र सरकारकडे सबळ कारण आहे, तेव्हा फार आशा धरू नका.

माणूस परदेशात असेल तर

लंडनला असलेल्यांसाठी चित्र वेगळं आहे. तिथे २००३ च्या कायद्याने मानवी हक्क, तब्येत, तुरुंगाची अवस्था हे सगळं न्यायाधीशच तपासतात. म्हणून तर भारताला बॅरेक १२ चा व्हिडिओ करून पाठवावा लागला. मल्ल्या आणि नीरव मोदी दोघेही हायकोर्टात हरले, पण शस्त्रव्यवहारातले दलाल म्हणून ओळखले जाणारे संजय भंडारी फेब्रुवारी २०२५ मध्ये जिंकले, तिहारमध्ये खंडणी आणि मारहाणीचा धोका हे त्यातलं मोठं कारण. हायकोर्टातल्या अपिलाच्या परवानगीसाठी फक्त १४ दिवस असतात. डेन्मार्कच्या कोर्टाने पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकल्याच्या प्रकरणातल्या किम डेव्हीला २०२४ मध्ये पुन्हा एकदा द्यायला नकार दिला, भारताने हमी देऊनसुद्धा.

अमेरिकेत उलट. तिथे मॅजिस्ट्रेटच्या निर्णयावर अपील नाही, फक्त हेबियस, म्हणजे कोठडी बेकायदा आहे असा वरच्या कोर्टात अर्ज. २६/११ च्या तहव्वुर राणाने तोच जिना शेवटपर्यंत चढला, २०२३ चा मॅजिस्ट्रेटचा आदेश, मग जिल्हा कोर्ट, नाइन्थ सर्किट हे अपिलाचं कोर्ट, सुप्रीम कोर्ट, आणि एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीला उतरला.

दोन्हीकडे वकील

हे खर्चिक आहे पण टाळू नका. मागणाऱ्या देशात एक वकील नेमा जो वॉरंट मागे घेणं, आरोप कमी करणं किंवा तडजोड यावर तिथल्या सरकारी वकिलाशी बोलेल. बऱ्याच पैशाच्या केसेस खऱ्या अर्थाने तिथेच मिटतात, कोर्टात नाही. अमेरिकन कोर्टं मात्र फरारी माणसाचे अर्ज ऐकायलाच नकार देऊ शकतात, त्यामुळे तिथे काय दाखल करायचं ते त्या वकिलावर सोडा. आणि दोन्ही वकिलांचं एकमेकांशी बोलणं करून द्या, इथल्या जामीन अर्जात लिहिलेलं एखादं वाक्य तिकडच्या खटल्यात कबुली म्हणून वापरलं जातं, हे इथल्या वकिलाच्या लक्षात येत नाही.

सगळं करूनही पाठवायचं ठरलंच तर निघण्याआधी सुपूर्द करण्याच्या आदेशाची प्रत, कुठल्या आरोपांसाठी पाठवलं त्याची यादी आणि दिलेल्या हमीची प्रत तिकडच्या वकिलाकडे पोचवा. इथे तुरुंगात काढलेल्या दिवसांचा तुरुंग अधीक्षकांचा दाखला घ्या, शिक्षा झालीच तर ते दिवस वजा करून मागायला लागतो. आणि चालू औषधांचं प्रिस्क्रिप्शन औषधाच्या मूळ घटकाच्या नावाने, इंग्रजीत लिहून घ्या, आपले ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही.